एन्गानू पळाला म्हणे! अरे पण कोणापासून?

परत तेच सुरू झालंय. एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या फाईटमध्ये, एखाद्या टॉपच्या फायटरचा करार संपत आलाय आणि तो दुसऱ्या प्रमोशनशी, म्हणजे फाईट भरवणाऱ्या कंपनीशी, बोलतोय अशी नुसती कुजबुज जरी आली ना, की आपली मंडळी लगेच न्यायाधीश होऊन बसतात. पैशाला हपापलाय, घाबरला, पळाला, संपला आता. आणि पुरावा म्हणून हमखास यूएफसी ह्या सगळ्यात मोठ्या एमएमए कंपनीचा माजी हेवीवेट चॅम्पियन फ्रान्सिस एन्गानूचं नाव पुढे करतात, "बघ यूएफसी सोडून त्याचं काय झालं." काय झालं रे त्याचं? सांग ना एकदा नीट, मी बसलोय ऐकायला.

जानेवारी २०२२, अ‍ॅनाहाइम. सिरिल गानसमोर हा माणूस गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं घेऊन उतरला. पहिले दोन राउंड गेले, नेहमीसारखे हातोडे मारता येईनात, तर पठ्ठ्याने चक्क कुस्ती सुरू केली, ज्याला आयुष्यभर लोक म्हणत आले की ह्याला जमिनीवर काही येत नाही त्याने गानला उचलून आपटला. पाचव्या राउंडला गान वर होता, आणि तिथून हील हूकच्या, म्हणजे टाच पिळून पाय मुरगाळायच्या डावाच्या, नादात पोझिशन घालवून बसला, की एन्गानू वर चढून बसला तो शेवटपर्यंत. निर्णय एकमताने. आणि ह्या सगळ्याचे जाहीर झालेले पैसे किती, तर ६ लाख डॉलर. हेवीवेट चॅम्पियनला! आपल्याला आकडा मोठा वाटतो, मान्य, पण त्याच काळात बॉक्सिंगमधले हेवीवेट एकेका लढतीला कोटींमध्ये डॉलर घेत होते. वर कंपनीचा अध्यक्ष चॅम्पियनचा बेल्ट कमरेला बांधायला पण आला नाही, दुसऱ्या कुणीतरी बांधला.

आता हा लोभी कसा म्हणे? त्याने काय मागितलं होतं ते तरी बघा की. पैसे मागितलेच, का नाही मागायचे? पण त्याच्या जोडीला फायटरांसाठी आरोग्य विमा, स्वतःचे स्पॉन्सर लावायची मोकळीक, आणि निर्णय होतात तिथे फायटरांची बाजू मांडणारा एक माणूस. बास. २०१५ पासून कंपनीने ठरवलेलेच कपडे घालून पिंजऱ्यात जायचं, चड्डीवर स्वतःचा एक लोगो नाही, आणि ते मागितलं की लोभी. कॅमेरूनमधल्या बातिए गावात पोरवयात वाळूच्या खाणीत राबलेला माणूस, सहारा ओलांडून युरोपात आला, स्पेनमध्ये कोठडीत बसला, पॅरिसमध्ये रस्त्यावर झोपला, आणि त्याला एसीत बसलेलं आपलं कार्टं पैशाचा मोह कसा वाईट ते शिकवणार. कमाल आहे राव.

आणि सोडून जाणं काय सोपं होतं का. त्या करारात चॅम्पियन कलम असतं, म्हणजे बेल्ट जिंकलास की करार आपोआप लांबतो, जितका चांगला लढशील तितका जास्त अडकशील, असला उफराटा न्याय. जुन्या फायटरांनी कोर्टात केस ठोकली म्हणून कुठे नंतरच्या करारांना पाच वर्षांची हद्द आली, आणि हा त्याच फटीतून निसटला. गुडघ्याचं ऑपरेशन करून बरंचसं २०२२ घरी काढलं आणि जानेवारी २०२३ मध्ये बेल्ट टेबलावर ठेवून मोकळा झाला. ती केस शेवटी ३७५ मिलियन डॉलरला मिटली, कोर्टाने २०२५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. एवढे पैसे कोणी हौसेने देत नाही.

ह्यावर लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "सगळे एका कंपनीत असले तरच बेस्ट विरुद्ध बेस्ट बघायला मिळतं." इथेच माझं डोकं फिरतं. कधी मिळालं रे? यूएफसीचाच दुसरा बडा फायटर जॉन जोन्स विरुद्ध एन्गानू ही फाईट आपल्याला हवी होती ना? २०२० मध्ये दोघंही एकाच कंपनीत होते. जोन्सने जास्त पैसे मागितले, कंपनी नाही म्हणाली, वर तमाशा झाला. २०२१ मध्ये एन्गानू चॅम्पियन झाला, जोन्स परत म्हणाला पैसे दाखवा, परत नाही. म्हणजे फाईट अडली कोणामुळे? आणि एन्गानू गेल्यावर तरी काय दिवे लागले, जोन्सने गानला पहिल्याच राउंडला गळफास लावून बेल्ट घेतला, मग दुखापत, मग माजी चॅम्पियन स्टीपे मिओसिचशी फाईट, आणि बिचारा टॉम अ‍ॅस्पिनॉल नोव्हेंबर २०२३ पासून तात्पुरता बेल्ट खांद्यावर टाकून वाट बघत बसला, शेवटी जून २०२५ ला कळलं की जोन्स निवृत्त. तीपण फाईट नाही. तिथे कोणी कुठे पळालं नव्हतं, सगळे त्याच कंपनीत होते!

आमच्याकडे जत्रेच्या कुस्त्यांचं हँडबिल बघितलंय का कधी? गदा घेतलेले दोन पैलवान, मधे जोड लिहिलेली, खाली ठळक अक्षरात इनाम अमुक हजार, त्याखाली देणाऱ्याचं नाव. कोण किती घेऊन जाणार हे हलगी वाजायच्या आधी अख्ख्या गावाला माहीत, आणि आज ह्या गावात लढलेला पैलवान उद्या शेजारच्या मैदानात उतरला तर त्याला गद्दार कोणी म्हणत नाही. आणि इकडे अब्जावधीची कंपनी, पॅरामाउंट ह्या टीव्ही-स्ट्रीमिंग कंपनीशी सात वर्षांचा ७.७ बिलियन डॉलरचा प्रक्षेपणाचा करार, आणि फायटरच्या वाट्याला मिळकतीचा साधारण पाचवा हिस्सा, जिथे अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगचे खेळाडू जवळपास निम्मं नेतात. अमेरिकेत बॉक्सरांसाठी अली कायदा आहे, प्रमोटरला किती मिळाले ते बॉक्सरला सांगावं लागतं. एमएमएला तो लागू नाही. का नाही, हे विचारायचं सोडून आपण चॅम्पियनला शिव्या देतोय.

थांबा, एन्गानू नंतर ज्या कंपनीत गेला त्या पीएफएलवाल्यांनी पण हसायचं काही कारण नाही. मे २०२३ ला एवढा गाजावाजा करून त्याला घेतला. करार झकास होता, मान्य, समोरच्या फायटरला कमीत कमी २ मिलियन मिळणार हे त्याने लिहून घेतलं, आफ्रिकेचा कारभार त्याच्याकडे. पण फाईट? ऑक्टोबर २०२४ पर्यंत एमएमएत काहीच नाही, मग रियाधला रेनान फरेराला पहिल्या राउंडला झोपवला, आणि परत सामसूम. मधल्या काळात त्याने बॉक्सिंगमध्ये जाऊन हेवीवेट चॅम्पियन टायसन फ्युरीला तिसऱ्या राउंडला खाली पाडलं, पहिलीच बॉक्सिंग फाईट, स्प्लिट निर्णयाने हरला. नंतर बॉक्सर अँथनी जोशुआने त्याला वाईट झोपवला, तेही खरं. पण माणसाने पैसे कमावले, कुणाच्या बापाचं काय गेलं? गेलं ते आपलं. रविवारी सकाळी साडेसातला घरचे झोपलेले असताना टीव्हीचा आवाज एकवर ठेवून बघणाऱ्या माझ्यासारख्यांचं. जोन्स आणि एन्गानू, एमएमएतले जगातले दोन सगळ्यात भारी हेवीवेट, एकाच काळात होते, आणि एका करारापायी ते समोरासमोर आलेच नाहीत.

तेव्हा आता जो कोणी नवीन प्रमोशनमध्ये जातोय त्याला जाऊ द्या. दुप्पट मिळत असतील तर तिप्पट माग म्हणावं. आणि "लॉयल्टी" हा शब्द परत माझ्यासमोर काढलात तर आधी मला सांगा, तुम्ही स्वतः शेवटची नोकरी कशासाठी बदललीत, एचआरच्या प्रेमापोटी?