आठ हजारांच्या रेझला राजा-सत्ती

"मावशी, सूत्र बरोबरच होतं गं. पत्ता लागला नाही, एवढंच."

रविवारी सकाळी साडेसातला, म्हापशात माझ्या स्वयंपाकघरात बसून, चहात उंडो बुडवत भाचा मला हे ऐकवत होता. मुलगा सावंतवाडीचा. शनिवारची अख्खी रात्र मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकरची टूर्नामेंट खेळला, आणि घरी जायच्या बसआधी मावशीकडे टेकला. आम्हा गोंयकारांना फेब्रुवारी 2020 पासून खेळायला बोटीवर चढता येत नाही. सावंतवाडीकरांना येतं. मी स्वतः सहा वर्षं तिथे होते, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पत्ते वाटायला. त्यामुळे "सूत्र" म्हटल्यावर माझा चहा तिथेच राहिला.

सूत्र म्हणजे "मोठ्या रेझला घाबरू नका" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज; रेझ म्हणजे पैज वाढवणं. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशाचा ऑनलाइन पोकर बंद झाला आणि मोबाइलवर खेळणारी बरीच मुलं बोटींकडे वळली. त्यांच्यातच तो फिरतोय. माझ्याकडे चौथ्यांदा आला. त्यात पाच गोष्टी आहेत. एक, बिग ब्लाइंडच्या (पत्ते बघायच्या आधी दोघांना सक्तीने लावाव्या लागतात त्या ब्लाइंडांतला मोठा) नेहमीच्या दोन-अडीच पटीऐवजी कुणी सहा-आठ पट रेझने सुरुवात केली की समजा तो घाबरलाय. त्याच्याकडे गुलामांची नाहीतर दश्शीची जोडी आहे आणि त्याला फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) बघायचा नाही. दोन, म्हणून हातात काहीही असलं तरी ऑल-इन करा (सगळ्या चिपा लोटा), तो फोल्ड करतोच, पत्ते टाकतोच. तीन, बिग ब्लाइंडवर असाल तर पैसे आधीच गेलेत, कॉल करा (रेझएवढे पुरे करा). चार, छोटी जोडी किंवा एका रंगाचे पत्ते असतील तर फ्लॉप बघायचाच. पाच, फोल्ड करणारे नोकऱ्या करतात, टूर्नामेंट जिंकत नाहीत.

पाचव्याला उत्तर देत नाही. मी नोकरी केली आहे. पगार एक तारखेला यायचा.

आता भाच्याचा हात. ब्लाइंड 500-1000, वर बिग ब्लाइंडवाल्याची 1000 अँटी, ही आणखी एक सक्तीची भर. म्हणजे कुणी काही करायच्या आधीच मध्ये 2500. चौदा जण उरलेले, बक्षिसं बारा जणांना. भाच्यापुढे 25,000. समोरच्या काकांनी, त्यांच्याकडे याच्याहून जास्त होते, मधल्या जागेवरून एकदम 8000 केले. बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर, भाचा, हातात बदामाचे राजा आणि सत्ती. सूत्र आठवलं, ऑल-इन. काकांनी कॉल केला, गुलामांची जोडी उलटी केली. टेबलावरच्या पाच पत्त्यांत ना राजा आला, ना सत्ती.

म्हणजे मेसेजचा पहिला मुद्दा अक्षरशः खरा ठरला! तो मी मान्य करते, जरा नाइलाजाने. हौशी खेळाडू मोठा रेझ मारतो तेव्हा पुष्कळदा ती गुलामांची, दश्शीची जोडी नाहीतर एक्का-राजा असतो. एक्क्यांची जोडी आली की तोच माणूस हळूच, गोड रेझ करतो, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. हे मी शेकडो वेळा समोर बसून पाहिलंय. गुलाम हातात आलेला माणूस चिपा दोन्ही हातांनी पुढे लोटतो आणि लगेच हात आवळून बसतो. फ्लॉपवर राणी किंवा राजा पडला तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नसतं. भीती त्याचीच असते.

पण तिथून दुसऱ्या मुद्द्यावर उडी कशी मारली? त्याला फ्लॉप बघून डोकं चालवायचं नाही. तू ऑल-इन केलंस की त्याला डोकं चालवावंच लागत नाही. त्याची जी अडचण होती ती तूच सोडवलीस! मी ऑल-इनची चकती पुढे सरकवेपर्यंत अशा माणसाचा "कॉल" आलेला असायचा, आवाजात सुटका झाल्यासारखी.

भीतीचं सोडा, हिशेब बघा. भाच्याने 25,000 लोटल्यावर मध्ये 35,500 झाले. काकांना घालायचे होते आणखी 17,000. एकूण पॉट, म्हणजे मधली रक्कम, 52,500. म्हणजे शंभरात 32-33 वेळा जिंकले तरी त्यांचा कॉल फिटतो. समोर कुणी एक्का-राजा दाखवला तरी एका रंगाची दश्शी-नव्वी चाळिसाच्या आसपास वेळा जिंकते; मग गुलामांची जोडी कोण टाकेल? आता समजा काकांनी 2200 नेच सुरुवात केली असती. मग त्याच ऑल-इनला त्यांना 22,800 घालावे लागले असते, तेवढ्याच 52,500 साठी, आणि शंभरात 43 च्या वर जिंकायला हवं होतं. समोरचा फोल्ड करण्याची आशा छोट्या रेझवर असते. रेझ जितका मोठा, तितका तो माणूस हाताला चिकटलेला. मेसेज लिहिणाऱ्याने गाडी बरोबर उलट्या दिशेला हाकली आहे, आणि त्यात मुलं बसतायत.

राजा-सत्ती गुलामांच्या जोडीसमोर शंभरात तिसेक वेळाच जिंकते. "नशीब फुटकं" असं भाचा म्हणतो. नशीब वाईट असतं तर सत्तरच्या बाजूला बसून हरला असता.

तिसरा मुद्दा पटकन. ब्लाइंडमध्ये टाकलेली चिप आता तुमची नाही, मांडवीत पडली समजा. प्रश्न फक्त पुढे किती घालायचे आणि कशासाठी, एवढाच. रेझ 2200 असेल तर बिग ब्लाइंडला 1200 घालून 5900 च्या पॉटसाठी खेळायचंय, वीस टक्के पुरतात. तिथे मीही पुष्कळ हातांनी कॉल करायला सांगेन. रेझ 8000 असेल तर 7000 घालून 17,500 साठी खेळायचंय. बरोबर चाळीस टक्के लागतात, आणि तेही फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी बोलायची सक्ती अंगावर घेऊन. दोन्हीकडे एकच "कॉल करा" सांगणाऱ्याला भागाकार येत नाही.

चौथा त्याहून पटकन. छोट्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठात एकदाच लागतो. 7000 चा कॉल त्या आशेवर फिटायला दर यशाला पन्नासेक हजार सुटायला हवेत. समोरचे सगळे आले तरी इथे 27,500 मिळतात. एका रंगाचे दोन पत्ते घेऊन बसाल तर फ्लॉपवरच फ्लश, म्हणजे पाचही एका रंगाचे, 119 वेळांत एकदा. दोघांपुढेही दीड-दोन लाख असतील तर जोडीचं बोलू, पंचवीस हजारांत नाही.

डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन जाणकाराने टूर्नामेंटसाठी "गॅप" नावाची एक गोष्ट मांडली आहे, आणि माझ्या मते या सगळ्या मेसेजला ती एकटी पुरते: स्वतः रेझ करून सुरुवात करायला जेवढा चांगला हात लागतो, त्याहून चांगला हात दुसऱ्याच्या रेझला उत्तर द्यायला लागतो. सुरुवात करणारा सगळे फोल्ड झाले तरी जिंकतो. उत्तर देणाऱ्यासमोर मात्र एकजण आधीच "माझ्याकडे काहीतरी आहे" म्हणून उभा असतो. रेझ फुगला की ही दरी रुंदावते. बक्षिसांच्या उंबरठ्यावर, चौदातले बारा, आणखी रुंदावते, कारण तिथे दुप्पट झालेल्या चिपांनी दुप्पट बक्षीस मिळत नाही, गेलेल्या चिपांनी मात्र सगळंच जातं.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याला टेबलावर न बसल्यामुळे ठाऊकच नसावी. मोठा रेझ नेहमी मनातून आलेला नसतो. ब्लाइंड नुकतेच वाढलेले असतात नाहीतर माणूस बाथरूमहून धावत आलेला असतो. किंवा तो तोंडाने "रेझ" म्हणतो आणि 5000 ची एकच चिप टाकतो, कारण सुटे नाहीत. मग नियमाने तो रेझ 5000 चाच धरायचा. मी असे रेझ जाहीर केल्यावर टाकणाऱ्याचाच चेहरा पडलेला पाहिलाय. भीती, धैर्य, सूत्र, काही नाही. सुटे नव्हते. म्हणून आधी बघायचं की हा माणूस मघापासून किती मारतोय. प्रत्येक हाताला आठ पट मारणारा वेगळा, त्याच्यासमोर थोडं सैल व्हायला हरकत नाही. दोन तास गप्प बसून एकदम मारणारा वेगळा.

मग करायचं काय? कंटाळवाणं आहे, म्हणूनच फॉरवर्ड होत नाही. कचरा फोल्ड. पुढे पंचवीस बिग ब्लाइंड असताना राण्यांची, राजांची, एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा असेल तर खुशाल ऑल-इन. दश्शीची, गुलामांची जोडी माणूस बघून. नुसता कॉल जवळजवळ नाहीच. "मग तो आपल्याला लुटेल ना!" असं भाचा म्हणाला. लुटू दे. मधले 2500 उचलायला तो 8000 लावतोय. नुसत्या फोल्डवर फायदा व्हायचा तर त्याचा डाव शंभरात 76 वेळा चालायला हवा. मागे चार-पाचजण बसलेले असताना कुणाकडे तरी राण्या येणारच. त्या तुझ्याकडे येईपर्यंत दुसऱ्या कुणाकडे येऊ देत.

भाचा बसस्टँडवर पोचला असेल तेव्हा मेसेज आला: "आणि समजा एक्का-राणी असती तर?"

चौदा उरलेले, बारांना बक्षीस, आठ पट, दोन तास गप्प असलेले काका. "फोल्ड," मी लिहिलं.

"एक्का-राणी?? मावशी, तू पण ना!"

ते आधीचं "सूत्र" त्याने अजून स्टेटसवरून काढलेलं नाही.