डोळ्यात तूप घालून सकाळची वाट बघताय?

‘एका डोळ्यापुढं अचानक अंधार आला? दुखत नसेल तर थकवा आहे. देशी गाईच्या तुपाचे दोन थेंब घाला, डोळा चोळा, रात्रभर झोपा. परत दिसलं की बरे झालात.’ हा मेसेज फिरत फिरत कर्नाटकातल्या जांबोटीच्या माझ्या मावशीकडं पोचला. तिला बीपी आणि शुगर दोन्ही. फोन करून विचारते, “तूप घरचंच चालतंय की रे?” माझं डोकंच फिरलं.

अहो, न दुखणं हेच तर याचं लक्षण! डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी गुठळीनं बुजली की क्षणात त्या डोळ्याचं दिसायचं जातं. ना दुखत, ना डोळा लाल होत. हा डोळ्यातला लकवाच. तोंड वाकडं झालं असतं तर तूप लावून झोपवलं असतं का?

आणि ‘रात्रभर झोपा’! आयोवा विद्यापीठातल्या डॉ. सोहनसिंग हायरे यांनी म्हाताऱ्या, बीपीवाल्या माकडांची हीच धमनी दाबून धरून पाहिली. ९७ मिनिटांपर्यंत पडदा तगला; २४० मिनिटांनी झालेलं नुकसान भरून आलं नाही. म्हणजे चार तास. रात्री दहाला अंधार आला तर दोनपर्यंतचा हिशेब, आणि हे सकाळच्या बसची वाट बघायला सांगतात.

तूप डोळ्याच्या पुढच्या भागावर पडतं, धमनी मागून येते. विषय संपला.

चोळण्यात अर्धा दाणा खरा आहे, कबूल. गुठळी सरकेल या आशेनं डॉक्टर डोळा दाबून सोडतात, पण त्याचाही फायदा सिद्ध झालेला नाही.

परत दिसलं तरी दवाखाना चुकत नाही. पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि तो धोका पहिल्या काही दिवसांतच जास्त. पन्नाशीपुढच्या माणसाचं कानशील ठणकत असेल, चावताना जबडा दुखत असेल तर ती धमन्यांची सूज असू शकते; मग दुसरा डोळा वाचवायला लगेच स्टिरॉइड लागू शकतं.

मावशीला म्हटलं, एकेक डोळा झाकून घड्याळ बघ. एकानं अचानक दिसेना झालं तर थेट १०८. चष्म्याच्या दुकानात नाही, लकव्याचे पेशंट घेतात त्या मोठ्या दवाखान्यात. किती वाजता झालं ते सांग. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार साडेचार तासांच्या आतच होतो, आणि तेही सगळ्यांना देता येत नाही, दिलं तरी खात्री नाही.

“१०८ वाले कन्नडात बोलले तर?” मावशीनं विचारलं. मग फोनवर अक्षर अक्षर सांगितलं. तिनं कॅलेंडरवर १०८ च्या खाली लिहून घेतलं: ओंदु कण्णु काणिस्तिल्ल. म्हणजे, एका डोळ्यानं दिसत नाही.