पट्ट्याच्या या टोकाला

कुत्रा पाळायचा निर्णय आमच्या घरात तीन विरुद्ध एक मताने झाला. तो एक मी. त्यामुळे पहाटे पावणेसहाला त्याला फिरवायचं काम कुठल्या न्यायाने माझ्याकडे आलं, हे मला अजून कळलेलं नाही. मुलीने त्याचं नाव कोको ठेवलं, आई त्याला मोत्या म्हणते. तो दोन्हींना ओ देत नाही, पोळ्यांचा डबा उघडला की येतो. जातीने लॅब्रॅडोर, वजन ३४ किलो. माझी कंबर तपासणाऱ्या डॉक्टरांपासून हा आकडा मी लपवून ठेवलाय.

आम्ही शनिवार पेठेत राहतो. जिन्यात पहिल्या मजल्यावर काकूंच्या दारापुढे नीळ घातलेल्या पाण्याची बाटली असते. निळं पाणी पाहून कुत्री फिरकत नाहीत, असा समज. कोको तिथे रोज थांबतो, बाटली नीट हुंगतो आणि माझ्याकडे बघतो. मी नजर चुकवून खाली उतरतो.

खाली उतरलं की इतिहास सुरू. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. पेशव्यांनी हत्तीचा चोख बंदोबस्त केला, पण जमिनीपासून फूटभर उंचीवर काय संकट येऊ शकतं याचा विचार राहूनच गेला. त्या तटापाशी आलं की कोकोचा मागचा डावा पाय घुटमळायला लागतो. १८२८ च्या आगीत आतले महाल गेले, दगडी तट तेवढा टिकला. त्याची शोभा आमच्या घराण्याकडून जायला नको म्हणून मी दोन्ही हातांनी पट्टा ओढतो. समोर घोड्यावरून थोरले बाजीराव हे सगळं पाहत असतात. १७३७ साली दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारून हा माणूस दिल्लीवर जाऊन धडकला होता. आम्हाला त्यांच्या पुतळ्यापासून कसबा गणपतीपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागतात. वाटेतला एकेक विजेचा खांब आणि स्कूटरचं एकेक चाक वाचून काढल्याशिवाय आमचा विद्वान पुढे सरकत नाही.

पेठांच्या हद्दी आता पत्त्यापुरत्या उरल्या, असं माणसांना वाटतं. कुत्र्यांनी ते मान्य केलेलं नाही. शिवाजी रस्ता ओलांडला की कसब्याचे चार जण उठून उभे राहतात. मानाचा पहिला गणपती त्यांचा, गावठाण त्यांचं, म्हणजे आम्ही उपरेच. लाल महालाजवळ एक आजी भेटतात. ‘दत्ताच्या पायाशी असतात हो,’ म्हणून लांबूनच कोकोला हात जोडतात आणि त्याच दमात मला सांगतात, ‘इथे बसवू नका त्याला.’ तो बसतोच. मग मी पिशवी काढून वाकतो आणि आजी देखरेख करतात. परत येताना एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात ती. परवा एका दूरच्या मेव्हण्यांनी नेमकी दुसरीकडे बोट करून विचारलं, ‘काय, गरम गरम काही मिळालं वाटतं?’

गेल्या मंगळवारी मात्र कसबेकर थेट रस्ता ओलांडून आमच्या मागे आले. वाड्याच्या तटापाशी त्यांनी आम्हाला घेरलं. ३४ किलोंचा आमचा वीर माझ्या दोन पायांमध्ये शिरला, पट्टा माझ्याच गुडघ्यांना गुंडाळला गेला. समोरून एक दूधवाला सायकलवरून येत होता. माझ्या तोंडून किंकाळी फुटली, ‘काका! काका!’

आपण कुठे उभं राहून काय ओरडतोय, हे त्यानंतर लक्षात आलं. नारायणराव पेशवे १७७३ साली याच भिंतीपलीकडे मारले गेले आणि ती आर्त हाक तेव्हापासून पुण्यात कोणी सहज मारत नाही. दूधवाला जेमतेम पंचविशीचा होता. त्याने सायकल थांबवली, ‘हाड!’ म्हणाला आणि मला म्हणाला, ‘घाबरू नका, काका.’

चौघे निघून गेले. त्या ‘हाड’मध्ये आपलाही समावेश आहे असं समजून कोकोही गेला, पट्टा हिसकावून, थेट घराकडे. मी मागे धावलो. एकटा, हातात पिशवी घेऊन धावणारा मनुष्य पहाटेच्या फिरस्त्यांना कसा दिसला असेल ते त्यांनाच माहीत.

तो घरी आधीच पोचला होता. पायपुसण्यावर विजयी मुद्रेने बसला होता आणि त्याच्या तोंडात काकूंची निळी बाटली होती. पलंगाखाली झाडू फिरवल्यावर आणखी पाच निघाल्या.

सहाही बाटल्या कवेत घेऊन मी काकूंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, बाटल्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला. ‘अगं बाई, तुमचा होय! मी त्या पेपरवाल्याला काय काय बोलले हो!’