‘मदत थांबवा, युद्ध थांबेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘नियमित वाचक’,

युक्रेनमधल्या ड्रोनयुद्धावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : परदेशी शस्त्रांमुळेच हे युद्ध लांबतंय, युक्रेन स्वतः लाखोंनी ड्रोन बनवत असेल तर त्याला मदत हवी कशाला, आणि रशियाचे तेलशुद्धीकरण कारखाने जाळणं आणि कीववर शाहेद ड्रोन सोडणं यात मी फरक करतो तो पक्षपात आहे. शिवाय या जाळपोळीची झळ आपल्या पेट्रोलला. माझ्यासाठी वापरलेलं ‘सोफ्यावरचे सेनापती’ हे विशेषण मात्र आवडलं, ते ठेवून घेतो.

मदत थांबली तर काय होतं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. ते एकदा घडून गेलंय. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी मागितलेला निधी अमेरिकी प्रतिनिधिगृहात अडकून पडला आणि २० एप्रिल २०२४ ला एकदाचा मंजूर झाला, सुमारे ६१ अब्ज डॉलर. मधल्या काळात अमेरिकी पुरवठा जवळजवळ आटला. युरोपने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचा शब्द मार्च २०२३ मध्ये दिला होता; मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपासच पोचले होते. मग त्या हिवाळ्यात रशिया थांबला का? फेब्रुवारीत पूर्व युक्रेनमधलं आवदीइव्का शहर पडलं. जूनमध्ये पुतिन यांनी तहाच्या अटी जाहीर केल्या, त्यात खेरसोन आणि झापोरिझ्झिया ही जी शहरं त्यांच्या ताब्यातच नाहीत तीही युक्रेनने सोडून द्यावीत अशी मागणी होती. समोरच्याचे गोळे संपत आले की अटी सौम्य होतात, असं यातून मला तरी दिसत नाही.

आणि हो, ‘परदेशी शस्त्रं’ म्हणताना तुम्ही एकाच बाजूकडे बोट दाखवता. शाहेद हा मुळात इराणचा. रशिया आता तो तातारस्तानात येलाबुगाजवळच्या अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात ‘गेरान’ या नावाने स्वतः बनवतो, पण आराखडा तेहरानकडूनच आला. गोळे उत्तर कोरियाने दिले, सैनिकही दिले. रशियाच्या कुर्स्क प्रांतात कोरियन सैनिक लढले हे एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी उघडपणे मान्य केलं. ही मदत थांबवा, असं तुमच्या प्रतिक्रियेत कुठे सापडलं नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे. गोळ्यांच्या त्या दुष्काळातच एफपीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातून बघत उडवायचे ड्रोन फोफावले. काहीशे डॉलरचं यंत्र, चष्मा लावून बसलेला चालक आणि समोर आघाडीवर रसद नेणारा ट्रक. दोन्ही बाजूंनी सिग्नल जॅम करायला सुरुवात केली तेव्हा ड्रोनमागून किलोमीटरच्या किलोमीटर ऑप्टिकल फायबर उलगडत जायला लागली. जॅम करायला रेडिओच उरला नाही. आज आघाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणून बोगदे केलेत ते त्यामुळेच. लांब पल्ल्याच्या हल्ल्यांतही युक्रेन स्वतःच्या पायावर उभा आहे. १ जून २०२५ च्या ‘स्पायडरवेब’ मोहिमेत ट्रकवरच्या लाकडी खोक्यांतून ११७ ड्रोन उडाले आणि रशियातल्या इर्कुत्स्क, मुर्मान्स्कपर्यंतच्या हवाई तळांवरची बॉम्बफेकी विमानं जळाली. एक्केचाळीस विमानांना फटका बसला हा कीवचा दावा. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज त्याच्या निम्म्याच्या आसपास. दावे असेच कापून घ्यावेत. पण त्या मोहिमेसाठी युक्रेनला वॉशिंग्टनची परवानगी लागली नाही. अमेरिकी एटॅकम्स क्षेपणास्त्रं रशियात खोलवर डागायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडावं लागलं होतं.

आता बचावाकडे या. ८ जुलै २०२५ च्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत रशियाने ७२८ शाहेद आणि दिशाभूल करणारे नकली ड्रोन सोडले, असं युक्रेनच्या हवाई दलाने सांगितलं. यातले बरेचसे पिकअपवरच्या मशीनगनने, जर्मन गेपार्ड तोफांनी आणि अलीकडे हवेतच धडक देणाऱ्या स्वस्त ड्रोननी पाडता येतात. रशियाच्या इस्कंदरसारखं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र तसं पडत नाही. त्याला पेट्रियट ही अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणा लागते. पेट्रियटचं एक नवं क्षेपणास्त्र सुमारे चाळीस लाख डॉलरचं, आणि जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी ती वर्षाला काही शेच तयार होतात. त्याच जुलैच्या सुरुवातीला पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, युक्रेनला जाणाऱ्या काही खेपा रोखल्या, तेव्हा कीवमध्ये घबराट का झाली ते यावरून कळेल. ड्रोनने युक्रेनचं परावलंबित्व संपलं नाही, ते हल्ल्याकडून बचावाकडे सरकलं. त्यात एक चिनी पदरही आहे, ज्याकडे तुमचं-माझं दोघांचंही लक्ष कमी जातं : युक्रेनच्या ‘स्वदेशी’ ड्रोनमधल्या मोटरी, बॅटऱ्या आणि ती फायबरसुद्धा मोठ्या प्रमाणावर चीनहून येते. रशियाच्याही.

म्हणूनच ‘मदत’ हा एकच गठ्ठा करून बोलणं मला पटत नाही. डेन्मार्कने २०२४ मध्ये स्वतःच्या तोफा पाठवण्याऐवजी पैसे थेट युक्रेनच्या कारखान्याला दिले आणि १८ ‘बोहदाना’ तोफा तिथेच तयार झाल्या. एकाच शब्दाखाली ही खरेदी, पेंटागॉनच्या गोदामातला जुना माल आणि गुप्त माहितीची देवाणघेवाण असं सगळं येतं. यातलं नेमकं काय बंद करायचं? पेट्रियट बंद केलं तर आघाडीवर फारसा फरक पडणार नाही, कीवसारख्या शहरांमधल्या इमारतींवर पडेल.

पक्षपाताच्या आरोपावर. तेलशुद्धीकरण कारखाना रणगाड्याला डिझेल पुरवतो, ते लष्करी लक्ष्य ठरू शकतं. त्यावर कायदेपंडितांनी खुशाल वाद घालावा. युक्रेनच्या ड्रोनने रशियातले सामान्य लोकही मेलेत, ते मी लपवणार नाही. पण खेरसोनमध्ये जे चाललंय ते वेगळं आहे. द्निप्रो नदीच्या पलीकडच्या काठावरून रशियन चालक कॅमेऱ्यात बघून सायकलवाल्याच्या, रुग्णवाहिकेच्या मागे ड्रोन लावतात आणि त्याचे व्हिडिओ टेलिग्रामवर टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. चालकाला समोर कोण आहे ते स्पष्ट दिसत असतं, त्यामुळे नेम चुकला ही सबब इथे चालत नाही.

राहिलं पेट्रोल. गंमत म्हणजे ही भीती तुमच्या आधी अमेरिकेलाच वाटली होती. तिथले तेव्हाचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी एप्रिल २०२४ मध्ये सेनेटच्या समितीपुढे या हल्ल्यांचा जागतिक इंधनबाजारावर परिणाम होऊ शकतो असं बोलून दाखवलं, आणि युक्रेनने स्वतःच्या ड्रोनने ते हल्ले चालूच ठेवले. कारखाना बंद पडला की रशियाचं पेट्रोल-डिझेल कमी होतं, कच्चं तेल उरतं, आणि ते विकावंच लागतं. युद्धाआधी आपल्या आयातीत दोन टक्क्यांच्या आत असलेला रशियन वाटा पुढे पस्तीस टक्क्यांच्या घरात गेला, तो सवलतीच्या दरामुळे. सप्टेंबर २०२५ पासून बाल्टिकवरच्या प्रिमोर्स्कसारखी कच्च्या तेलाची बंदरंही ड्रोनच्या टप्प्यात आली आहेत. तेव्हा भावाची चिंता करायचीच, तर कारखान्यांपेक्षा या बंदरांची करा.