सातशे सत्त्याहत्तरचा सातबारा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त काल रात्री व्हॉट्सॲपवर आलं. विषय क्रमांक 9 : "सोसायटीच्या संकेतस्थळावर फोटो चढत नव्हते. सदर अडचण सी विंगमधील ज्येष्ठ सभासद (निवृत्त तलाठी) यांनी दूर केली. टाळ्यांच्या गजरात अभिनंदनाचा ठराव संमत. संगणक हाताळण्यास एका सभासदाने सहकार्य केले."

तो एक सभासद म्हणजे मी. 17 वर्षं पीएचपी (संकेतस्थळं बनवायची प्रोग्रामिंग भाषा) लिहून पोट भरतोय.

झालं होतं इतकंच, की संकेतस्थळ सेक्रेटरींच्या विंडोज मशीनवरून लिनक्स सर्व्हरवर हलवलं आणि दुसऱ्या दिवशी फोटो चढवताना 'परमिशन डिनाइड' आलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसलो. पाच मिनिटांचं काम होतं. पण सोसायटीच्या ऑफिसात एकट्याला कुणी बसू देत नाही.

सेक्रेटरी पाठीमागे येऊन उभे राहिले. "माझा भाचा म्हणतो, सगळ्याला 777 द्या."

हा भाचा प्रत्येक सोसायटीत असतो. फाईल लिहिता येत नाही? 777. फोल्डर होत नाही? 777. दारावर कुलूप लागत नसेल तर दारच काढून टाका, अशातला प्रकार. हे फाईलीवरच्या हक्कांचे आकडे : 'वाचणे' म्हणजे 4, 'लिहिणे' म्हणजे 2, 'चालवणे' म्हणजे 1 (फोल्डरच्या बाबतीत 'आत शिरणे'), बेरीज 7. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्या दुनियेचा. हे मी सेक्रेटरींना समजावत होतो, तेवढ्यात पाण्याच्या टँकरची तक्रार घेऊन आलेले तलाठी काका खुर्ची ओढून बसले.

"परत सांग. मालक, गट आणि?"

"इतर, काका."

"म्हणजे सातबाराच की! मालक आला, गट आला, इतर हक्क आले. मग अडलंय कशात? उतारा दाखव."

मी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फोल्डरची माहिती काढली. मालक 'डिप्लॉय', गटही 'डिप्लॉय', हक्क 755.

"हा डिप्लॉय कोण? आपल्या सोसायटीतला?"

"नाही काका, मी ज्या खात्यानं एफटीपीवरून फाईली चढवल्या ते खातं."

"आणि जमीन कसतो कोण?"

काय उत्तर देणार? कसणारा वेगळाच होता. डेबियन किंवा उबंटूवर वेबसर्व्हर आणि त्याच्यामागचं पीएचपी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या वापरकर्त्याच्या अंगानं चालतं. फॉर्ममधून फोटो येतो तेव्हा तो आधी तात्पुरत्या फोल्डरात पडतो, आणि 'मूव्ह_अपलोडेड_फाईल' हे फंक्शन तो उचलून मुक्कामी नेतं. नेलं नाही, तर स्क्रिप्ट संपताच तो आपोआप पुसला जातो. उचलणारा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फोल्डर डिप्लॉयच्या नावावर. तो मालक नाही, गटात नाही, म्हणजे 'इतर'. आणि 755 मधल्या इतरांना 5, म्हणजे वाचा, आत या, पण खिळा ठोकायचा नाही.

काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडीवर हात आपटला. "मालक एक, कसणारा भलताच, आणि तुम्ही फेरफार केलेला नाही! फेरफार नाही तर हक्क कसला?"

"तोच करतोय काका. त्याला इथं 'सीएचओन' म्हणतात."

"मंजुरी कुणाची? तलाठ्यानं नोंद धरली तरी मंजूर करतो मंडळ अधिकारी."

आता ही गोष्ट खरोखर तशीच आहे, हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं. लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला आपली स्वतःची फाईलसुद्धा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्याला रूट, म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकारी खातंच लागतं. मी रूटच्या अधिकारानं काम करू देणारी 'सुडो' आज्ञा टाइप केली. "हा मंडळ अधिकारी का?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर ठिपकेही उमटत नाहीत हे पाहून ते म्हणाले, "साहेब लोकांचं असंच. सही कधी केली, कळत नाही."

मालक डिप्लॉयच ठेवला आणि गट केला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. मग फोल्डरांना 2775 आणि फाईलींना 664, दोन्ही वेगवेगळ्या आज्ञांनी, फोल्डर आणि फाईली निवडून काढणारं 'फाइंड' वापरून. सरसकट 'आर' (म्हणजे आतल्या सगळ्यासकट) लावून सगळ्याला 775 दिलं की फोटोसुद्धा 'चालवण्यायोग्य' होतात, आणि फोटो चालवून करायचंय काय? पुढचा 2 पाहून काकांची भुवई चढली. त्या दोनामुळे फोल्डरात नव्यानं जन्मणारी प्रत्येक फाईल फोल्डरचाच गट घेते, असं सांगितलं. "वारस नोंद," ते म्हणाले. हक्क मात्र त्या दोनानं मिळत नाहीत. ते 'यूमास्क' ठरवतं, म्हणजे नव्या फाईलीचे कुठले हक्क काढून घ्यायचे ते सांगणारं सेटिंग. एवढं बोललो तर काका म्हणाले, "बरोबर आहे. वारस लागला म्हणजे ताबा मिळाला असं नाही."

सेक्रेटरी मध्येच म्हणाले, "पण 777 नं लगेच झालं असतं."

"त्याला गायरान म्हणतात," काका कडाडले. "सगळ्यांचं म्हणजे पहिला येऊन टपरी टाकेल त्याचं!"

हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही. सर्व्हरवरच्या कुठल्याही दुसऱ्या खात्यात शिरलेला माणूस 777 फोल्डरात काहीही लिहू शकतो. आणि फोटोंच्या फोल्डरात टिंब पीएचपी शेपटीची फाईल येऊन पडली, की ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकताच ती चालते. म्हणून तो फोल्डर शक्यतो वेबच्या उघड्या भागाबाहेर ठेवावा. ते जमत नसेल तर त्या फोल्डरापुरतं पीएचपी चालवणं सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बंद करावं. फाईलचा प्रकार ब्राउझर सांगेल तो मानू नये, तो काहीही सांगतो. पीएचपीच्या 'फाइलइन्फो'नं आतला मजकूर तपासावा. नावही आपणच द्यावं, 16 यादृच्छिक बाइटांपासून बनवलेलं 32 अक्षरी.

नावाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. जुने फोटो हलवताना एक फोटो आलाच नव्हता. नाव होतं : 'सन 2024-25 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील उपस्थित सभासदांचे सामूहिक छायाचित्र सुधारित अंतिम नवीन 2'. सेक्रेटरी फाईलला नाव देत नाहीत, परिपत्रक काढतात. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-4 फाईल व्यवस्थेत नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासकट, 3 बाइट खातं. या नावात अशी 77 चिन्हं, म्हणजे 231. मोकळ्या जागा 13, आकडे आणि मधली आडवी रेघ मिळून 8, शेवटी टिंबासह जेपीजी 4. एकूण 256. एका बाइटानं गेला! विंडोज मर्यादा बाइटांत मोजत नाही, म्हणून तिथं तो वर्षभर सुखानं नांदला. 'सुधारित'मधला एक उकार कमी असता तरी चाललं असतं.

तर, फेरफार झाला. फोटो चढवला. पुन्हा 'परमिशन डिनाइड'.

खोलीत आता सहा माणसं होती. कुणीतरी "भाच्याला फोन लावा" म्हणालं. मी कोड उघडला. फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरांत जातात. फोल्डर नसेल तर 'एमकेडिर' तो बनवतं. वर एका जागी 0755 लिहिलेलं होतं, खाली या जागी 775. मी तिसऱ्यांदा वरून खाली वाचत होतो तेव्हा काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. अक्षरशः टेकवलं, डाग अजून आहे.

"इथं आधी शून्य आहे. इथं नाही. शून्य कुणी खाल्लं?"

मी गप्प.

"अरे, हेक्टरच्या रकान्यात शून्य लिहायचं राहिलं, की पाच आराचे पाच हेक्टर होतात. भावाभावांत कोर्टकज्जे झालेत त्यावरून!"

आता नीट ऐका, कारण हे मला सभेत कुणी बोलू दिलं नाही. पीएचपीत आकड्याच्या आधी शून्य असेल तर तो अष्टमान पद्धतीचा (फक्त 0 ते 7 वापरणारा), आणि हक्कांचे आकडे याच पद्धतीचे. शून्य नसेल तर साधा दशमान सातशे पंच्याहत्तर. दशमान 775 अष्टमानात लिहिला की होतो 1407. यूमास्क बहुतेक सर्व्हरांवर 022 असतो; त्यानं गटाचा आणि इतरांचा लिहिण्याचा 2 काढून घेतला की उरतं 1405. पहिला 1 बाजूला ठेवा. मालकाला 4, गटाला 0, इतरांना 5. घरमालकाला दारातून सामानाची यादी वाचता येते, पण उंबरठा ओलांडता येत नाही. घरच्यांना काहीच नाही. रस्त्यानं जाणाऱ्यानं मात्र खुशाल आत येऊन बसावं! आणि लिनक्स आधी मालक कोण ते बघतं. फोल्डर ज्यानं बनवला तो त्याचा मालक, आणि मालक ठरलात, की 'इतरां'ची सवलत तुम्हाला नाही. त्यामुळे एमकेडिरनं वर्षाचा फोल्डर बांधला, आत महिन्याचा बांधायला निघालं आणि स्वतःच बाहेर अडकलं.

विंडोजवर एमकेडिर हा आकडा बघतच नाही. म्हणून ही चूक चार वर्षं झोपून होती. चूक माझीच, पण चार वर्षं कुणी ओरडलं नाही त्याचं काय?

शून्य घातलं. तरी यूमास्क 0775 चं 0755 करतं, म्हणून फोल्डर बनल्यावर लगेच हक्क बदलणारा 'सीएचमॉड' वेगळा मारला. त्याला यूमास्क लागू नाही. पीएचपी 8.1 पासून शून्यानंतर 'ओ' लावून अष्टमान लिहिता येतं, तसं लिहिलं असतं तर डोळ्यांना तरी दिसलं असतं. आधीचा बिघडलेला फोल्डर काढताना काका पुन्हा चकित झाले, कारण आत शिरायची परवानगी नसताना तो निघाला. रिकामा फोल्डर किंवा फाईल पुसायला तिच्यावरचा नाही, तर ती ज्यात आहे त्या वरच्या फोल्डरावरचा लिहायचा हक्क लागतो. भरलेला मात्र फोल्डर पुसणाऱ्या 'आरएमडिर'ला निघत नाही. आतलं आधी एकेक काढावं लागतं. ते काढायला 'स्कॅनडिर'नं यादी घेतली, तर त्यात एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदीही येतात. दोन टिंबं म्हणजे वरचा फोल्डर. त्या वगळायच्या राहिल्या तर पुसणारा लूप खाली जायच्या ऐवजी वर चढत जातो. हे कसं कळतं, ते विचारू नका.

फोटो चढला. टाळ्या झाल्या, काकांसाठी. मग खजिनदारांनी मोबाईलवरचा 4 एमबीचा फोटो टाकला आणि तो आपटला. या वाटेवर तीन नाकी आहेत. एनजिनएक्स हा वेबसर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा 1 एमबी, तिथं 413 ची ('फार मोठं आहे') पाटी. पुढे पीएचपीची दर फाईलला 2 एमबी, तिथं त्रुटी क्रमांक 1. सगळ्या फॉर्मला मिळून 8 एमबी, आणि हे तिसरं नाकं सर्वांत खवचट. ते ओलांडलं तर पीएचपी भांडत नाही; फॉर्म आणि फाईली दोन्हींच्या याद्या रिकाम्या करून देतं आणि आपला कोड निरागसपणे विचारतो, 'कृपया फोटो निवडा'. "अर्ज आवकमध्येच नाही म्हणायचं," काका पुटपुटले. तिन्ही आकडे वाढवले, एनजिनएक्स आणि पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम दोन्ही पुन्हा सुरू केलं. हे सगळं करायला साडेतीन तास. मोबदला : अर्धा कटिंग, तोही सेक्रेटरींच्या कपातला ओतून.

निघताना काकांनी फाईल चढवण्याच्या त्रुटींची यादी मागितली. मी भाबडेपणानं दाखवली : 0, 1, 2, 3, 4, 6, 7, 8.

"पाच कुठाय?"

"नाहीये काका. पीएचपीत फाईल चढवण्याची पाच नंबरची त्रुटीच नाही."

"नाही म्हणजे? पान फाडलंय कुणी?"

आता त्यांनी शंभर पानी वही घातली आहे. कुठल्या फोल्डरचा हक्क कधी बदलला, कुणी, कुणाच्या मंजुरीनं. मला सही करावी लागते. आज सकाळी लिफ्टमध्ये वही पुढे आली, नोंद क्रमांक 4 : "त्रुटी क्र. 5 आढळून येत नाही. चौकशी प्रलंबित. जबाबदार : सहकार्य करणारे सभासद."