कोरी गाडी, पण विमा कंपनीच्या यादीतच नाही

गाडीच्या विम्यावरच्या एका लेखात म्हटलंय की जुन्या गाडीपेक्षा कोऱ्या गाडीचा विमा काढणं सोपं. माझा अनुभव अगदी उलटा. मॉडेल नुकतंच बाजारात आलेलं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याचं नावच सापडेना. 'जवळचं दुसरं व्हेरिएंट निवडा, चालतं,' असं एकाने फोनवर सुचवलं. कृपा करून हे कुणी करू नका! पॉलिसीत एक मॉडेल आणि दारात दुसरं, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद ठरलेलाच.

मुळात अडचण अशी की नव्या मॉडेलच्या अपघातांचा आणि दुरुस्तीखर्चाचा इतिहासच कंपनीकडे नसतो. सुटे भाग किती दिवसांत मिळतील याचाही अंदाज नसतो. त्यात हल्ली पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो; काच बदलली की बऱ्याच गाड्यांत तो पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे अचूक जुळवून घ्यावा लागतो. साध्या काचेचा खर्च कुठल्या कुठे जातो. मग प्रीमियम चढतो, नाहीतर सरळ नकार.

शेवटी एक कंपनी तयार झाली. नंबर प्लेट अजून मिळाली नव्हती म्हणून चासी नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक) पॉलिसी काढली, तर त्यात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' छापलेला. त्या १७ अक्षर-आकड्यांच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, नेमका हाच घोळ टाळायला! दुरुस्त होऊन यायला चार दिवस गेले. तोवर पैसे भरलेली गाडी शोरूममध्ये, आणि मी रोज जाऊन तिला काचेतून बघून येत होतो.