नाताळला टर्कीच हवी? एक खुलासा

‘नाताळच्या जेवणात टर्कीच हवी, बायबलात तसं लिहिलंय’ असा मेसेज फिरतोय. बायबलात असं काही नाही. असेल तरी कसं? टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी, युरोपात पोचला तोच १६व्या शतकात. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री कार्प मासा असतो. आपल्याकडे गोव्यात सोरपोतेल आणि सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या), मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या) घरांत सोरपोतेलबरोबर फुगे (मैद्याचे तळलेले गोळे). सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीच करतात: डुकराचं मांस, काळीज उकडायचं, बारीक चिरून परतायचं, व्हिनेगरच्या मसाल्यात शिजवायचं. मग रोज गरम करत राहिलं की ते मस्त मुरतं. ऐन सणाला स्वयंपाकघरात धावपळ नाही, हे मला जास्त पटतं. टर्की आवडत असेल तर खुशाल करा, फक्त ओव्हनमध्ये मावते का ते आधी बघा.